निरंक

गुरुवारी दोनला लाकूडगिरणीचं ऑफिस बंद करते.
वह्या कपाटात, किल्ली पिशवीत,
आणि सायकल काढते. निळी.
गिअर सात, त्यातले चालतात चार.

मी ओदील तिरियाँ, वय एकसष्ट,
अशा गावची सरपंच
जिथे घर ना दार, मत ना मतदार.
नेमणूक वरून येते. तिरंगी पट्टा घरी, इस्त्री करून.

म्यूज नदी मागे पडते,
मग गव्हाची शेतं, मग चढ.
फार नाही, पण मांड्यांना आपलं वय सांगणारा.
रस्त्यावर आवाज तीनच:
चेन, माझा श्वास,
आणि आत कुठेतरी सुतारपक्षी.
तेव्हा इथून रात्रभर लॉऱ्या जायच्या, दिवे मालवून,
भरलेल्या वर, रिकाम्या खाली.
सगळ्याच रिकाम्या नव्हेत.

वळणानंतर पाईनचं जंगल.
झाडं सरळ, जमीन नाही.
उकळी फुटता फुटता थिजलेली,
खड्ड्यात खड्डा, त्यावर शेवाळ
आणि शेवाळावर अगदी निरागस ऊन.
इथला ओंडका गिरणीत आला
की रेमी आधी यंत्र फिरवतो त्याच्यावरून,
तापलेल्या पोराच्या अंगावरून आईने हात फिरवावा तसं.
पीं वाजलं की भाव निम्मा.
तरी मार्चमध्ये एक पातं तुटलंच.
मी खर्चात लिहिलं: पातं, एक.
कारण लिहायला रकाना नव्हता.

वेशीच्या जरा अलीकडे मागचं चाक बसलं.

टायरमधून नखाने उकरून काढलं:
काळं, बोटाच्या पेराएवढं, एका बाजूने अजून धार.
दुसऱ्या कुणाला खिळ्याचा तुकडा वाटला असता.
मी इथली आहे.
एकशे आठ वर्षं दबा धरून
शेवटी लागलं ते ट्यूबला.

हसू आलं. मग नाही आलं.

सायकल ढकलत गावात शिरले.
गाव म्हणजे पाट्या, गुडघ्याएवढ्या उंच:
इथे बेकरी. इथे शाळा. इथे पाणवठा.
इथे लोहार, सेलेस्तँ उम्बेर.
लोहाराच्या दारात (दार कुठलं, दोन बीचच्या मधली फट)
सायकल उलटी केली.
त्याच्या अंगणातल्या खड्ड्यात पाणी होतं,
पाणसरडे बुडी मारून लांब झाले.
ट्यूब धरली पाण्याखाली, फिरवत नेली हळूहळू,
आणि एका जागेवरून
बुडबुड बुडबुड श्वास यायला लागला.
किती तरी वेळ तशीच बसले.
बुजवायचं होतं, हे माहीत होतं.

चिकटवलं. दाबून धरलं. साठपर्यंत मोजलं.
सेलेस्तँने हेच काम चार सू घेऊन केलं असतं,
वर एखादी शिवी, सायकल नावाच्या नव्या फॅडाला.

चॅपेलशेजारच्या खोलीत टपाल होतं, नेहमीचा फॉर्म.
कुटुंबं: निरंक. शाळेत जाणारी मुलं: निरंक.
जन्म: निरंक.
मृत्यू: इथे पेन दर वर्षी अडखळतं.
सरकार या वर्षीचे विचारतंय, मला कळतं.
निरंक.
शिक्का मारला. शाई सुकेपर्यंत फुंकर घातली.

उतारावर हवा टिकली.
संध्याकाळ चारही बाजूंनी खाली येत होती,
एका शेताच्या कडेला, खांबाच्या पायथ्याशी,
शेतकऱ्याने नांगरटीत सापडलेले दोन गोळे ठेवले होते
सुरुंगवाल्यांनी न्यावेत म्हणून,
दुधाच्या बाटल्या ठेवाव्यात तसे, शेजारी शेजारी.
मी ब्रेक न दाबता, घंटी न वाजवता गेले.

शुक्रवारी सकाळी रेमीने थट्टेने
यंत्र माझ्या पिशवीवरून फिरवलं.
किल्ली बाहेर काढली, पुन्हा फिरवलं.
पीं.
"भाव निम्मा, मादाम," तो म्हणाला,
आणि पुढच्या ओंडक्याकडे वळला.